स्पॅनिश गाण्याची दोन वर्षं

माझी आई धवलेरी. आमच्याकडे लग्न भटजी लावत नाही, धवलेरी गाते आणि लग्न लागतं. एकदा खोडाळ्याजवळ तिची जोडीदारीण एक ओळ गाळून पुढे गेली, तर आईने अख्खा मांडव ताटकळत ठेवून गाणं पहिल्यापासून घेतलं. अशा बाईची मी मुलगी. तिच्यासमोर कुणी गाण्याचा खोटा अर्थ सांगेल, हे माझ्या डोक्यात कसं येणार?

माझा नवरा, म्हणजे लग्न अजून लागायचं होतं. आमच्यात आधी एकत्र राहतात, लग्न सवडीने लावतात. तो ठाण्याला डीजेवाल्याकडे कामाला गेला. होळीला येतो म्हणाला, आला नाही. फोनवर एक स्पॅनिश गाणं तेवढं आलं. खाली लिहिलं होतं, ‘मला बोलता येत नाही. याचा अर्थ बघ.’

माझी बारावी झालेली, पण इंग्रजीच्या नावाने आनंद, तिथे स्पॅनिश काय कळणार? मोठी बहीण जव्हारच्या दवाखान्यात नर्स. रविवारी ती आली, माझ्या फोनवर अर्थ शोधत बसली, मग आत चुलीपाशी आईशी बराच वेळ कुजबुजली. बाहेर येऊन म्हणाली, “तो म्हणतोय, थोडी कळ काढ, मी तुझ्याच दारात परत येईन.” वर गायकाची गोष्टही सांगितली. एवढा मोठा झाला, पण गरिबीतली बायको सोडली नाही म्हणे. माझा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी त्या दिवशी मी पोटभर जेवले.

पुढच्याच महिन्यात नाशिकला नर्सिंगला माझा नंबर लागला. मी नाही म्हटलं. तो यायचा आणि मी दारात नसायची, हे मला नको होतं. बहीण मूग गिळून गप्प बसली. दोन वर्षं मी ते गाणं ऐकलं. नागलीच्या लावणीला आलेल्या बायकांनाही त्याची चाल पाठ झाली.

मग जव्हारला एका कॉम्प्युटरच्या दुकानात टायपिंगचं काम मिळालं. एका रिकाम्या दुपारी मी गाण्याचं नाव टाकलं. मशीनचं मराठी मोडकंतोडकं, पण अर्थ लख्ख होता. दार लावून घे, माझी वाट बघू नकोस, मी दुसरीकडे घर केलंय. खाली गायकाची माहिती. आधी तो बायकोबरोबर लग्नांत गायचा. हे गाणं गाजलं, त्याने तिला सोडलं, शहरात जाऊन इंग्रजीत गायला लागला. आता म्हातारपणी प्रत्येक कार्यक्रमात हेच गातो आणि लोक टाळ्या वाजवतात. मेल्याचं सगळं करिअर त्या दारापासून सुरू झालं.

माझ्यावाल्याचा राग आला, पण त्याने भित्र्यासारखं का होईना, सांगितलं तरी होतं. बहिणीला फोन केला, तर ती रडायलाच लागली. म्हणाली, “आईने सांगितलं तसं बोलले मी.”

घरी गेले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिने नाकारलं नाही.

“तू जेवत नव्हतीस. म्हटलं, दोन दिवस बरं वाटंल.”

“आणि नाशिक? तेव्हा तरी सांगायचं होतंस.”

ती सुपातले खडे शोधत राहिली. मग म्हणाली, “तो गेला, आला नाय. तू गेली असतीस, तर तू तरी परत आली असतीस का?”

आले असते. दर शनिवारी आले असते. आता मी जव्हारलाच खोली घेतलीय, घरापासून एसटीने तासाभरावर, आणि जात नाही.