रामपायलीला नेलेला तांदूळ

बालाघाटहून रामपायलीला जायचं असेल तर सकाळची पहिली बस धरा, हे आधीच सांगून ठेवतो. वारासिवनीपर्यंत गाड्या भरपूर आहेत, पण पुढची गाडी भरल्याशिवाय हलत नाही. मी कार्तिकातली जत्रा उठल्यावर गेलो. गर्दी नको होती.

माझी बायको सुशीला दरवर्षी याच दिवसांत एकटी जायची. लालबर्‍याकडे आमचं थोडं शेत आहे, ते माझा धाकटा भाऊ पाहतो. नवं धान घरी आलं की त्यातलं मूठभर ती रामाला नेऊन ठेवायची. बावीस वर्षांत मी एकदाही बरोबर गेलो नाही. देव काय फक्त रामपायलीतच आहे का, असं विचारायचो. ती म्हणायची, "हौ, तुमचं बराबर हाय," आणि पिशवी उचलून निघायची.

यंदा श्रावणात ती गेली.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिनं मला जवळ बसवलं. "तुमी रामाले सांगा ना," म्हणाली. "मले अजून थोडं राहू दे, म्हणा. माह्यापेक्षा तुमाले चांगलं बोलता येते." वस्तीत भजन झाल्यावर चार माणसं मला देवाविषयी विचारतात, त्यांना मी सांगतो, ते तिनं ऐकलेलं होतं. तिलाही मी सांगितलं. देव कोणाच्या सांगण्यावरून काही बदलत नसतो, मागणं म्हणजे भक्ती नव्हे, जे येईल ते शांतपणे घ्यावं. सलाईनच्या नळीकडे पाहत तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हौ, तुमचं बराबर हाय."

तिनं सांगायला दिलेलं ते वाक्य रामाला सांगायचं राहून गेलं. आता सांगून काही होणार नाही, हे कळत होतं. तरी एकदा त्याच्यासमोर उभं राहून ते मनापासून म्हणता येतं का, एवढंच पाहायला मी निघालो.

भावानं नवं धान पाठवलं होतं. त्यातलं थोडं मी राइस मिलमधून काढून आणलं आणि दोन संध्याकाळी बसून निवडलं. तुकडा वेगळा, खडा वेगळा. एकसारखे पांढरे दाणे धुतलेल्या रुमालात बांधले. रामाला द्यायचं तर स्वच्छ द्यावं, असं वाटलं.

वैनगंगेच्या पुलावर धुकं होतं, पाणी दिसलं नाही. कंडक्टरनं माझं तिकीट फाडताना विचारलं, "रामपायली? मेला तो उठ गया, काकाजी."

"मेळा नाही पाहायचा. दर्शनाला चाललो."

मागच्या सीटवर टोपली घेऊन बसलेली बाई म्हणाली, "बरं हाय. गर्दी गेली म्हणजे रामाले बी जरा बसाले भेटते."

गाडीतले सगळे हसले. सुशीला असती तर तीही हसली असती आणि त्या बाईशी वारासिवनीपर्यंत बोलत गेली असती. मी रुमालाची गाठ तपासली.

वारासिवनीच्या स्टँडवर पोहे मिळतात, वर चण्याचा रस्सा घालून. खाऊन घ्या, पुढे भरवशाचं काही नाही. तिथून रामपायलीपर्यंत दोन्ही बाजूंना धानाचीच शेतं आहेत. बहुतेक कापून झाली होती. बांधांवर पेंढ्या रचल्या होत्या आणि वार्‍याला तणसाचा वास होता.

मंदिर चंदन नदीच्या काठावर आहे. जत्रेच्या दुकानांचे खुंट उपटल्याचे खड्डे जमिनीत तसेच होते. पायर्‍यांशी एक म्हातारी बाई नारळ घेऊन बसली होती. मी नारळ घेतला, रुमाल सोडला, आणि नवं धान कुठे ठेवायचं असतं ते विचारलं.

तिनं रुमालात बोट फिरवलं. "हा त तांदूळ होय."

"हौ. यंदाचाच आहे. निवडून आणला."

"निवडला ते दिसून राह्यलं. शिकलेले दिसता." ती हसली. "अवो, पण रामाले लोंबी आणतेत, टरफलासकट. अर्धी इथं ठेवाची, अर्धी घरी न्याची अन् पुढच्या साली बियाण्यात टाकाची. हा सोललेला कसा उगवंल? घरच्या बाईले विचारलं नाही काय?"

"ती दरवर्षी यायची. लालबर्‍याच्या शेतातलं धान घेऊन. श्रावणात गेली."

बाईनं विचारलं, "हिरव्या पिशवीवाली?" मी मान हलवली. तिनं स्वतःच माझ्या रुमालाला गाठ मारून दिली. "मंग तिची मागच्या सालची लोंबी घरी असंल," म्हणाली. "पाहा जाऊन."

आत फारसं कोणी नव्हतं. पुजार्‍यानं नारळ फोडला, तीर्थ दिलं. मी हात जोडून ते वाक्य म्हटलं. म्हटल्याबरोबर माझं डोकं कामाला लागलं. राहू दे म्हणजे कोणाला? ती तर राहिली नाही. मग हे मागणं कसलं? स्वतःच्या समाधानासाठी देवाला वापरणं हे. एकेक मुद्दा बरोबर होता. मी पुन्हा म्हटलं, तिसर्‍यांदा म्हटलं. समोर मूर्ती होती, फुलं होती, आणि माझ्या आत कोणी ऐकत नव्हतं, कोणी बोलतही नव्हतं. मागे एक कुटुंब येऊन उभं राहिलं, म्हणून बाजूला झालो. तांदूळ परत घेऊन आलो.

परतीची गाडी दुपारी मिळाली. घरी पोचून देव्हार्‍यातले फोटो काढले तर सगळ्यात मागे, समईच्या बाजूला, दोर्‍यानं बांधलेली लोंबी होती. दरवर्षी मृगाच्या आधी सुशीला ती माझ्या भावाला नेऊन द्यायची, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. यंदा त्या दिवसांत ती दवाखान्यात होती. लोंबी तिथंच राहिली आणि मला ती आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

प्रवासाचं एवढंच. रस्ता चांगला आहे, एका दिवसात आरामात जाऊन येता येतं. जाताना लोंबी न्या. देव भेटला का, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. पूर्वी असायचं.

त्या लोंबीचे दाणे मी मोजून न पाहता ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, पेरणीआधी बियाणं तपासतात तसे. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडतो. आज सहावा दिवस. दाणे फुगलेत, पण मेलेला दाणाही पाण्यात फुगतो. मोड एकालाही नाही.

सकाळी भावाला फोनवर सांगितलं. तो शेतकरी माणूस, त्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणाला, "सालभर समईच्या आचेपाशी होतं ते, दादा. मेलं ते बी. आता वास मारंल घरात. काहून ठेवून राह्यला? फेकून दे."

"अजून थोडं राहू दे," मी म्हटलं.

त्यानं फोन ठेवला तरी मी तेच म्हणत होतो.