आईची गाणी आणि पाहुण्याची फ्लॉपी

मंडळी, आज सकाळी नात मैत्रिणीचा पेन ड्राइव्ह लावायला गेली आणि मी तिचा हातच धरला.

"आबा, तपासूनच उघडते," ती हसली.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी धुळ्याच्या घरी मी आईची अहिराणी लग्नगाणी महिनाभर बसून कॉम्प्युटरवर उतरवली होती. भुसावळचा मित्र पत्रिका जुळवायच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी घेऊन आला. पाहुण्यादेखत तपासणं बरं दिसत नाही, म्हणून तशीच घातली. व्हायरसनं सगळी गाणी खाल्ली.

मी डोकं धरून बसलो. आई म्हणाली, "रडस काय? मी शे ना आजून. परत लिखी ले."

ती होतीच, गाणी तिला पाठ होती. परत लिहिली, दोन फ्लॉप्यांवर ठेवली. आज आई नाही, गाणी आहेत.

तुमच्याकडचं असं काय अजून एकाच जागी पडून आहे?