पावणं घरात असताना

आईला हार्टचा अटॅक येऊन गेला आणि नारायणगावच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, यांना एकटं सोडायचं नाही. आता बसायचं कुणी? आबा दिवसभर मेंढरांमागं नाहीतर वावरात. मला ना भाऊ ना बहीण, आणि मी पुण्यात, विद्यापीठात पीएचडी करत होते, विहिरींच्या पाण्यावर. गाईड मॅडम म्हणाल्या, "घरचा कॉम्प्युटर विद्यापीठाच्या नेटवर्कला जोडून घे. लायब्ररी, आकडेवारी, सगळं तिथून उघडेल. जोडला गेला तर राहा आईजवळ. नाही जमलं तर मात्र तुला इथं यावं लागेल." म्हणजे माझं आईपाशी राहणं त्या एका जोडणीवर येऊन अडलं होतं.

कॉम्प्युटर विभागातल्या माणसानं फोनवर सांगितलं, मशीन घेऊन या, सेटिंग इथंच करावं लागेल. माझा कॉम्प्युटर जुना, टेबलावरचा. न्यायचा होता नुसता सीपीयूचा डबा. पण आबांना कोण सांगणार? "अर्धं जनावर दवाखान्यात नेत्यात व्हय?" म्हणत त्यांनी स्क्रीन, कीबोर्ड, माउस, वायरी आणि वर घरातला एक्स्टेंशन बोर्डसुद्धा घोंगडीत बांधला. आईजवळ शेजारच्या काकूला बसवून आम्ही आमच्या निमगाव सावातून पुण्याला निघालो. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "काय पावणं, कोकरू हाय का आत?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा मात्र शांतपणे म्हणाले, "न्हाई राव, पोरीचं शिक्शान हाय."

विभागातल्या त्या माणसानं घोंगडी सोडताना हसू दाबलं, पण काम मन लावून केलं. माझं नाव घातलं, पासवर्ड दिला, चालवून दाखवलं. निघताना आबांना म्हणाला, "काका, आता हा कॉम्प्युटर तुमच्या घरी असला तरी आमच्यातलाच. हिनं कनेक्ट केलं की विद्यापीठ तुमच्या घरात आलं समजा." आबांनी त्याला हात जोडले आणि घरी आल्यावर ते वाक्य जसंच्या तसं आईला सांगितलं.

आमच्याकडं मोबाइलला रेंज फक्त खिडकीत. मग खिडकीशी टेबल मांडलं, फोन गजाला बांधला, त्याच्यावरून कॉम्प्युटरला नेट घेतलं. टेबलामागं हाताच्या अंतरावर आईची खाट. पासवर्ड टाकला, बराच वेळ नुसतं गोल गोल फिरत राहिलं, आणि एकदम हिरवी खूण आली. "जोडला!" मी ओरडलेच. मागं वळून बघते तर आई खाटेवर उठून बसलेली, डोईवर पदर नीट घेतलेला.

"पावणं आलं का?" तिनं हळूच विचारलं.

मला इतकं हसू आलं की काय सांगू. पण त्या दिवसापासून आमच्या घराची रीतच बदलली. मी कनेक्ट केलं की आई गप. खोकला आला तरी पदरात दाबायची. पाणी हवं असलं तर बोटानं खूण. शेजारची काकू दारातून बडबडत आली की आई डोळे मोठे करायची, "हळू बोल बया, पावणं हाय." आबा टीव्ही बंद करायचे आणि चपला हातात घेऊन आत यायचे. मी चिडायचे. मी आहेच तापट, आणि त्यात हे.

"अगं आई, कुणी येत नाही, कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू जात नाही! नुसते कागद येतात इकडं, कागद!"

"बरं," ती कुजबुजायची. तेसुद्धा तोंडाला पदर लावून.

तरी मी तिला पटवलंच असतं. पण पहिल्यांदा मॅडमशी ऑनलाइन बोलायचं ठरलं त्या दिवशी मी हेडफोन लावायला विसरले, आणि नेमकी त्याच वेळी मेंढरं ओरडायला लागली. मॅडम खळखळून हसल्या. "अगं, कुठं बसलीयस तू? आठवडे बाजारात?" सगळ्या घरानं ते ऐकलं.

"बघ!" कॉल संपल्यावर आई म्हणाली. "म्हनं आयकू जात न्हाई."

ते कॉल असला तरच, एरवी नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. छे! तिनं मला कायमचं खोटं पाडलं. आबांनी दुसऱ्याच दिवशी मेंढरांचा वाडा घराच्या मागं नेला. एकदा मी वैतागून विचारलं, "ऐकलं तर ऐकलं, काय होणारे?" तेव्हा ती म्हणाली, "धनगराचं घर हाय, मोठी मानसं काय म्हनतील? तुजं नाव खराब व्हाया नगं." मला रागानं रडूच आलं. मी कुणाची चोरी केली होती का? पण तिला हे कोण समजावणार.

बाकी ते दिवस गोडही होते, खोटं कशाला बोलू. काम झालं की मी म्हणायचे, "आई, पावणं गेलं." की लगेच तिचं तोंड सुटायचं. तुंबलेलं सगळं बोलायची, काकूची नक्कल करायची, माझ्या केसांवरून बोलायची, चहात साखर कमी म्हणून बोलायची. मी पुण्यात राहिले असते तर हे कुठलं ऐकायला मिळालं असतं? आपण जिंकलो असं मला वाटायचं.

त्या दुपारी आबा वावरात गेले होते. मला शेवटच्या प्रकरणासाठी आकडे उतरवून घ्यायचे होते आणि कधी नव्हे ती रेंज टिकली होती. जेवण झाल्यापासून मी जी बसले ती उन्हं कलेपर्यंत उठले नाही. मधे एकदा वळून बघितलं तर आई भिंतीकडं तोंड करून पडलेली. झोपली असेल म्हणून मी पंखा तिच्याकडं फिरवला.

सगळं उतरल्यावर मी कनेक्शन बंद केलं. "आई, पावणं गेलं गं." ती काही बोलली नाही. जवळ गेले. पदराचा बोळा तिनं दातांत धरलेला. अंग घामानं थबथबलेलं आणि हात गार. मी बोंब मारली. काकूच्या मुलानं जीप काढली, आबा वावरातून पळत आले, आम्ही तिला मांडीवर घेतलं. ती शुद्धीवर होती. मी तिच्यावर ओरडत होते, अक्षरशः ओरडत होते, "हाक का नाही मारलीस? मागंच तर होते मी! हाक का नाही मारलीस?"

"पावणं व्हतं ना," ती म्हणाली.

नारायणगाव यायच्या आत ती गेली.

तेरावं झालं. मॅडमचा फोन आला, सावकाश कर म्हणाल्या. मला सावकाश करायचं नव्हतं. एका सकाळी टेबलाशी बसले, पासवर्ड टाकला, हिरवी खूण आली. आबा दारात आले. माझ्याकडं बघितलं, स्क्रीनकडं बघितलं, चपला काढून हातात घेतल्या. आणि काकूला काही सांगायला म्हणून बाहेर वळले ते कुजबुजतच.

माझं डोकंच फिरलं. "आबा, मोठ्यानं बोला! ओरडा! काय व्हायचंय आता?"

ते तसेच उभे राहिले. मग खाली बसले, उंबऱ्यातच, आणि रडायला लागले. आई गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता गळा काढून रडले, गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली इतक्या मोठ्यानं. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. कनेक्शन मी चालूच ठेवलं.