दुसरीच्या नावानं हाक

मेहकरच्या एका खाजगी दवाखान्यात तातडीच्या खोलीत बसणाऱ्या डॉक्टर यास्मीनची नर्सांमध्ये भारी चेष्टा चाले. डोकं दुखतं म्हणत बाई आली, तरी मॅडम तिच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवतात म्हणे. ठेवतच होती ती. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. आणि हिचं तोंड कशानं पोळलं, ते हसणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक होतं?

नवी नोकरी होती तेव्हा, दुसऱ्या गावी. पुष्पांजली नावाची बाई पोट धरून आली. पाळीचं विचारलं तर म्हणाली, "माह्यं ऑपरेशन झालं ना मॅडम." मूल बंद व्हायचं ऑपरेशन झालंय म्हटल्यावर आपल्याकडे पुढचं कोणी विचारतच नाही. यास्मीननंही विचारलं नाही. पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. ऑपरेशन होऊनही एखादीला दिवस जातात, आणि गेले तर गर्भ नळीत अडकायची भीती जास्त, हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं. ऐन वेळी आठवलं नाही. पुष्पांजली वाटेतच गेली. तेव्हापासून ती यास्मीनच्या मागं होती. नमाजाला उभं राहावं तर डोळ्यांपुढं तीच, भाकरी तोडावी तर तीच. भूत असतं तर उतरवून तरी टाकता आलं असतं.

एका दुपारी मेहकरच्या दवाखान्यात दुसरबीडहून अन्नपूर्णाबाई आपल्या सुनेला, वंदनाला, जीपमधून घेऊन आली. "चक्कर येऊन राह्यली हिले. पोट दुखते, खांदाही दुखते म्हणते. कापूस येचला ना, त्याचं असन."

"पाळी?"

"तिचं तं ऑपरेशन झालं."

 यास्मीननं सोनोग्राफी मशीनची ट्रॉली ओढत खाटेपाशी आणली. इथं गर्भलिंग तपासत नाहीत, या भिंतीवरच्या पाटीकडे पाहत सासू म्हणाली, "पोटात काहीच नाही, तं मंग हे कायले?"

गर्भपिशवी रिकामी होती. प्रोब उजव्या बरगडीखाली नेला, तर यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधे काळा पट्टा दिसला. तिथं काळं असायला नको. पोटात रक्त साचत होतं आणि खांदाही त्यानंच दुखत होता. लघवीच्या तपासणीतही दिवस गेल्याचं आलं.

"नळी फुटली, मावशी. आत्ताच ऑपरेशन करा लागते."

"प्रेमले येऊ द्या. पोरगा नसताना मी हिचं पोट कसं फाडू देऊ?"

यास्मीननं मशीनचा पडदा तिच्याकडे वळवला.

"काळंच तं दिसून राह्यलं," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"ते रक्त हाय. प्रेम येईपर्यंत ते थांबनार नाही. एकीले मी असंच घरी पाठवलं होतं, मावशी. ते घरी पोचली नाही."

हे तिनं आजवर घरच्यांनाही सांगितलं नव्हतं. म्हातारी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग संमतीचा कागद ओढून तिनं सुनेच्या हातात पेन दिला. "कर वं सही, बाई."

सर्जन सुहासिनीबाई हात धुऊन तयार होत्या. भूल चढेपर्यंत यास्मीन वंदनाच्या उशाशी उभी राहून तिला हाका मारत होती, गाल थोपटत होती. फुटलेली नळी काढली, रक्त चढवलं, बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी वंदना उशीला टेकून चहा पीत होती. यास्मीनला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. सुटले एकदाची, असं तिच्या मनात आलं.

"मॅडम, एक विचारू? भूल देताना तुम्ही मले पुष्पांजली म्हणून राह्यल्या होत्या. डोळे उघड पुष्पांजली, जाऊ नको पुष्पांजली. कोन हाय ते? बहीण हाय काय तुमची?"

 नाही म्हणायला यास्मीनची जीभ वळेना.

"हाव," ती म्हणाली.

"मंग तिले सांगा ना, मी वाचली म्हणून."

"सांगते."

सांगायला कुठं जायचं नव्हतं. पुष्पांजली खाटेच्या पायथ्याशीच उभी होती, पोट धरून.