पहिली ओळ मोकळी

प्रत्येक फाइलची पहिली ओळ कोरी सोडायची काकांना सवय होती. कुणी विचारलं तर म्हणायचे, "घराला उंबरठा नको का?" आम्ही हसायचो. ऑफिसात ते सगळ्यांचेच काका. निवृत्ती तोंडावर आलेली, पण धड चाललेल्या गोष्टीला कुणी हात लावला की अंगावर धावून यायचे. मागच्याच आठवड्यात सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर लायब्रऱ्यांच्या, म्हणजे आम्ही आयत्या वापरतो त्या कोडच्या, नव्या आवृत्त्या चढवल्या. काकांनी आपल्या खटाऱ्याला कुणाला शिवूही दिलं नाही. त्यावरूनही मी त्यांच्याशी भांडले होते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो.

आम्ही लिफ्टचे प्रोग्रॅम लिहितो. त्या सकाळी एका इमारतीत लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबली आणि तिथेच दार उघडलं. एक आजोबा अडखळून पडले, मनगट मोडलं. उंची मोजायचा कोड काकांचा, दार उघडायचं की नाही हे ठरवणारा माझा. दोन्ही एकाच फाइलीत, ओळीला ओळ लागून.

साहेबांनी आम्हाला बैठकीच्या खोलीत बसवलं आणि मोठ्या पडद्यावर डीबगर चालवला. हे साधन चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून तो कुठे बिघडला ते दाखवतं. टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या काळ्या खिडकीत, कोडच्या रंगीत ओळी उमटतात आणि चुकलेल्या ओळीपुढे बाण उभा राहतो. हा डीबगर काकांनीच लिहिलेला होता. बाण माझ्या ओळीवर उभा राहिला.

"ही तुझी ना?" साहेबांनी विचारलं.

या धंद्यात ज्याच्या ओळीनं माणूस पडला, त्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. "माझी आहे, पण चूक माझी नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता, आणि चढलेल्या आवाजाचं खरं कुणी मानत नाही.

"बाण खोटं बोलतो का? टेबल आवर तुझं."

तेवढ्यात काका म्हणाले, "जरा अगदी वर जा बघू. फाइलच्या सुरुवातीला. माझी कोरी ओळ कुठे गेली?"

"काका, माणसाचा हात मोडलाय आणि तुम्हाला कोरी ओळ हवीय?" साहेब म्हणाले.

मलाही त्यांचा संताप आला. माझं घर जळतंय आणि हे उंबरठा शोधतायत! पण पडद्यावर फाइल खरंच पहिल्या ओळीपासून भरलेली होती. काका पुटपुटत ओळी मोजायला लागले. माझ्या ओळीपाशी आले, मग तिच्या वरच्या ओळीकडे बघितलं. चष्मा काढून त्यांनी तो पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. त्यांना काय दिसलं ते मला कळेना, पण भीती वाटली. आता गप्पच राहतात की काय, असं वाटत होतं.

ते उठले, आपला खटारा उचलून आणला आणि तोच प्रोग्रॅम त्यावर चालवला. वर कोरी ओळ होती. बाण एक ओळ वर उभा होता.

"ओळींना रंग देणारी लायब्ररी," ते म्हणाले. "नवी आवृत्ती सुरुवातीच्या कोऱ्या ओळी खाऊन टाकते. मजकूर एक ओळ वर सरकतो, पण बाण आपल्या आकड्यावरच राहतो, म्हणून खालची ओळ पकडली जाते. चोर सोडून संन्याशाला सुळी."

"मग ही वरची ओळ कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी."

माझ्या जिवात जीव आला, आणि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली.

साहेब खाली बघत म्हणाले, "मग काका, तुम्ही घरी जा."

"जातो. आधी हा डीबगर नीट करू दे. नाहीतर उद्या आणखी कुणाच्या डोक्यावर बसेल."

"ती कोरी ओळ काढून टाका की! संपलं."

"ओळ काढली तरी खोटं बोलणारा तसाच राहील," काका म्हणाले आणि बसले. डीबगरला त्यांनी शिकवलं: आधी लायब्ररीची आवृत्ती विचारायची. नवी असेल तर ओळी खाऊ नकोस असं सांगायचं, जुनी असेल तर तिच्या वाटेला जायचं नाही. घरी कमी ऐकू येणाऱ्या आईशी मोठ्यानं आणि लेकीशी हळू बोलतात, तसंच काहीसं. दोन्ही कॉम्प्युटरवर चालवलं. दोन्ही बाण त्यांच्याच ओळीवर उभे राहिले, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

मी जिन्यापर्यंत मागे धावले. "कशाला बोललात? कुणाला कळलं असतं?"

"अगं, मला कळलं होतं ना," ते म्हणाले. "जा, हा कोड असलेल्या सगळ्या लिफ्ट बंद ठेवल्यात. ती ओळ आधी दुरुस्त कर."

ती ओळ मी दुरुस्त केली. आमच्याकडे ओळ बदलली की शेवटी हात लावणाऱ्याचं नाव तिच्यापुढे आपोआप लागतं. काकांचं गेलं, माझं आलं. आता कुठे लिफ्ट वीतभर खाली थांबली, तर बाण माझ्यावर येईल, आणि तो खरा असेल. फाइलची पहिली ओळ तेवढी अजून त्यांच्या नावावर आहे.