आईचं कपाट आणि माझ्या टाइल्स

अनसिंगच्या आमच्या घरात टाइल्स बसवून चार दिवस झाले होते आणि तेवढ्यात मी माणसातून उठलो होतो. कुणी दारात चप्पल काढायला जरा उशीर केला की मी फडकं घेऊन धावायचो. बायकोने हंडा थोडा जोरात टेकवला तरी मी तिच्यावर खेकसायचो. तेव्हाच्या त्या माणसाची आज मला शिसारी येते.

रविवारी मुलीला पाहायला पाहुणे येणार होते आणि बैठकीत आईचं लोखंडी कपाट उभं होतं. गंजलेलं, रंगाचे पोपडे निघालेलं. पाहुण्यांना ते दिसता कामा नये, म्हणून मागच्या खोलीत न्यायचं मी ठरवलं. आई एकच सांगत होती, "राहू दे न रे ते तिथंच. मी त्याले धरून संडासले जातो."

गुडघे गेल्यापासून तिची तीच वाट होती. खाटेवरून उठायचं, कपाटाला हात लावायचा, तिथून दाराची चौकट गाठायची. जुन्या शहाबादीवर ती कशीबशी चालायची. या गुळगुळीत टाइल्सवर तिचा पाय ठरत नव्हता. हे सगळं मला दिसत होतं, तरी मी म्हणालो, "भिंत धरून जात जा."

"भितीले हात नका लावू, माय," बायको म्हणाली, "कालच रंग देल्ला." मी तिला गप्प केलं नाही, कारण रंगाचे पैसे मीच मोजले होते.

कपाट हलवायला इंझोरीचा मेहुणा आला. मी खाली पोतं घालायला निघालो, तर म्हणे, "पोत्यात खडे राह्यतात भाऊजी, ओरखडे पडतीन. सोयाबीन हाय ना घरात? कपाटाखाली फळी सारा न फळीखाली दाणे पसरा. बैलगाडीवानी जाते का नाही, पाहा." सोयाबीनच्या गावात सोयाबीनच सुचणार! मला ते भलतंच शहाणपणाचं वाटलं.

कपाट तिरपं केलं तेव्हा त्याच्या तळाच्या पोकळीतून उंदराच्या लेंड्या, झुरळांचे पंख आणि वर्षानुवर्षांचा चिकट मळ निघाला. वास असा की मेहुण्याने रुमाल नाकाला लावला. मला मात्र घाण टाइलला चिकटेल याचीच धास्ती. फळी सारली, दाणे पसरले, ढकललं. कपाट खरंच सुरसुरत निघालं. दाणे चेंगरून फळीमागे पिवळट तेलकट पट्टा उमटत होता आणि उरलेले बैठकभर गडगडत होते.

आई खाटेवर बसून राहिली. दाण्यांवर पाय टाकणं तिला शक्य नव्हतं. "मले जायचं हाय रे," ती दोनदा म्हणाली. "थांब जरा," मी दोनदा म्हणालो. मी गुडघ्यांवर बसून, मोबाइलचा उजेड टाइलवर तिरपा पाडून, वीतभर वीतभर तपासत होतो. एकही ओरखडा नव्हता. मेहुण्याला मी टाळी दिली, बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्या टाळीचा आवाज आठवला की अजून तोंड कडू होतं.

चहा पिता पिता काहीतरी घासल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर आई खाली बसली होती. दोन्ही तळहात टाइलवर टेकून, पाय पुढे टाकत, ती बसल्या बसल्या दाराकडे सरकत होती. लुगडं मागून ओलं झालं होतं. दाणे तिच्या तळव्यांना चिकटले होते.

मी उठलो. मला पाहून ती जागीच थांबली. चोरी पकडल्यासारखा चेहरा करून तिने हात उचलले, पदराने खालची टाइल पुसली आणि विचारलं, "असं बसून सरकलं तं तुह्या फरशीले काही होत नाही ना रे?"