नळीतली हळद

नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी त्या गुन्ह्याची आठवण निघाली की मला आधी हसू येतं आणि मागोमाग राग. दोन्हींची कारणं सांगतो.

मोताळा भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. भरती शिपाई म्हणून झालो होतो आणि खात्याच्या परीक्षा देत देत तिथवर आलो होतो. थेट साहेब म्हणून आलेल्यांना ते कधी विसरता आलं नाही आणि त्यांनी मलाही विसरू दिलं नाही.

पोळ्याचा दिवस होता. सकाळी मी बंदोबस्ताची हजेरी घेत होतो, कारण मानाची जोडी कोणाची यावरून आमच्याकडे दरवर्षी एखाद्या गावात तरी काठ्या निघतात. तेवढ्यात तालुक्यातले एक मोठे कापूस-जिनिंगवाले तणतणत आत आले. गुडघ्यापर्यंत काळा चिखल.

“लिहून घ्या. माझं विमान कोणीतरी बिघडवलं. मरता मरता वाचलो.”

ठाणे अंमलदार हवालदार शांत गडी. त्याने नोंदवही उघडली आणि विचारलं, “गाडी नंबर सांगा, भाऊ.”

“गाडी नाही, विमान.”

“हाव, पण नंबर तं असंन न त्याले?”

नंबर होता. इंग्रजी अक्षरांत होता. आमच्या छापील वहीत विमानाला रकाना नव्हता, म्हणून हवालदाराने तो वाहनाच्या रकान्यात लिहिला आणि रंगही विचारून घेतला.

हे जिनिंगवाले भाऊ हमालाचे चिरंजीव. स्वतःच्या हिमतीवर दोन जिनिंग आणि बियाण्यांचा धंदा उभा केलेले. पैसा आला तसा नाद आला आणि त्यांनी परदेशी बनावटीचं सहा आसनांचं विमान घेतलं. सगळ्या परवानग्या काढून स्वतःच्या शेतात धावपट्टी केली, शेजारी पत्र्याचं शेड बांधलं, नागपूरचा एक पायलट पगारावर ठेवला. त्या सकाळी ते नागपूरला निघाले होते. विमान धावलं, पण वेग दाखवणारा काटा शून्यावरून हललाच नाही. पायलटने उड्डाण सोडून ब्रेक दाबले. पावसाने पट्टी ओली होती. विमान शेवट ओलांडून सोयाबीनमध्ये शिरलं, पुढचं चाक रुतलं आणि फिरता पंखा जमिनीत घुसून वाकला. माणसं सुखरूप होती.

जीपमध्ये बसून आम्ही जागेवर निघालो, तेव्हा भाऊंनी मला सगळं गाऱ्हाणं ऐकवलं.

“लोकांना वाटते, विमान घेताना पैसा लागते. घेणं सोपं आहे, साहेब. पायलटचा पगार, उडो का न उडो. दरवर्षी तपासणी, नाही तर उडायचा दाखला नाही. ठरावीक तास झाले की इंजिन उघडा. पेट्रोलसुद्धा आपल्या पंपावरचं चालत नाही. आणि विमा तर विचारूच नका. पट्टी खेड्यात आहे, हप्ता वाढवा. पायलटचे तास कमी आहेत, हप्ता वाढवा. बैल तरी काम करून खाते. हे जनावर नुसतं उभं राहून खाते.”

मी भाजीसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेत नाही. विचारलं, “हप्ता कमी करून मागितला नाही?”

“मागितला न. म्हणाले, नुकसानीचा पहिला वाटा तुम्ही सोसा, मग करतो कमी. मी सोसतो म्हणालो. आता सोसतो.”

माणूस मला तिथेच आवडला. तापट होता, पण स्वतःच्या चुकीवर हसू शकत होता.

विमान वाहतूक खात्याची आणि विमा कंपनीची माणसं आल्याशिवाय विमानाला हात लावायचा नव्हता, म्हणून मी तिथे दोन शिपाई पहाऱ्याला ठेवले. दुसऱ्या दिवशी कंपनीचा सर्वेअर मुंबईहून आला. त्याने चिखलाने माखलेल्या पंखाच्या खालची बोटाएवढी नळी दाखवली. समोरून येणारा वारा त्या नळीत शिरतो आणि त्यावरून वेग कळतो. एरवी तिच्यावर एक टोपी असते आणि टोपीला लाल पट्टी, म्हणजे उडण्याआधी काढायची आठवण राहावी. पायलटने टोपी काढली होती, पण घाईत छिद्रात डोकावून पाहिलं नव्हतं. सर्वेअरने तारेने आतून पिवळसर, मेणासारखा गोळा काढला. पंचांसमोर आम्ही तो बाटलीत सील केला.

“हे आपोआप होत नाही,” सर्वेअर म्हणाला. “कोणीतरी टोपी काढून भरलंय आणि टोपी परत लावली आहे.”

भाऊंनी लगेच नाव घेतलं, चुलतभावाचं. धावपट्टीच्या बांधावरून दोघांचा वाद कोर्टात चालू होता. गुन्हा दाखल झाला. आगळीक, म्हणजे मुद्दाम केलेलं नुकसान, तर होतीच, पण विमानाच्या सुरक्षेला धोका पोहोचवण्याचा वेगळा कायदा आहे आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आमच्या वरिष्ठांना तो कायदा फार आवडला. जिल्ह्यात तसा गुन्हा कधी लागला नव्हता. त्यांचा दिवसातून तीनदा फोन यायचा, “अटक कधी दाखवता?”

चुलतभावाला मी बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. चौकशीत मी नेहमी बाजारासारखं वागतो. आधी चढा भाव सांगायचा आणि समोरच्याचा चेहरा बघायचा. मी म्हणालो, “जन्मठेप आहे यात.”

तो माणूस हसला. “साहेब, मले त्याचं वाटोळं करायचं असतं तं मी त्याले अजून एक विमान घे म्हटलं असतं. तीन वर्षांत कंगाल झाला असता. मी काऊन हात काळे करू?”

दोषी माणूस इतकं बरं बोलत नाही. त्याला मी सोडलं आणि वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या.

चौथ्या दिवशी खबर आली. धावपट्टीच्या फाट्यावर एक चहावाला होता. त्याला मी कधी फुकट चहा मागितला नाही, म्हणून तो मला फुकट बातमी द्यायचा. म्हणाला, “पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवस बुडायच्या आधी, भाऊंचा म्हातारा सालदार हातात वाटी घेऊन शेडात गेला होता. विमान ठेवलं तिथं त्याचं काय काम?”

सालदार म्हणजे वर्षाच्या ठरावावर राहणारा शेतगडी. हा म्हातारा भाऊंच्या घरी तीस वर्षं होता. पेरणी, वखरणी, बैलं, सगळं त्याच्याकडे. मी त्याला ठाण्यात आणवलं. तो खाली बसायला लागला, तर मी हाताला धरून बाकावर बसवलं. तेव्हा त्याची नखं दिसली. मुळापर्यंत पिवळी.

“बावा, नखं पिवळी काऊन?”

“हळद आहे, साहेब. खांदमळणी केली न.”

खांदमळणी मला सांगावी लागत नाही. मी शेतकऱ्याच्याच घरचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे धुऊन तूप-हळदीने चोळतात, शिंगांना तेलाचा हात फिरवतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. पण मला एक गोष्ट ठाऊक होती.

“बैलजोडी तं भाऊंनी उन्हाळ्यातच विकली.”

म्हाताऱ्याने पिवळी नखं धोतरात पुसली. मग म्हणाला, “विमानाची केली.”

हवालदाराचं पेन थांबलं.

“मालक रोज म्हणत, हे जनावर उभ्या उभ्या खाते. म्या म्हटलं, खाते तं खाते, पण मालकाले उचलून नागपुरात नेते. खांदा तं त्याचाही दुखत असंन. तीस वर्षांत माया हात पोळ्याले कोरडा राह्यला नाई. पंख जिथं अंगाले जोडला, तिथं खालून तूप-हळद चोळली. खाली एक शिंग व्हतं, बारीक, टोपी घातलेलं. टोपी काढून त्यालेही लावलं, चांगलं दाबून लावलं. टोपी जशीच्या तशी घातली.”

“आणि मग?”

“मंग आवतण देल्लं. उद्या जेवाले या म्हटलं.”

हवालदार पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेला. मला हसता येत नव्हतं, कारण समोर बसलेल्या माणसाने आत्ताच जन्मठेपेच्या कायद्यातलं कृत्य जसंच्या तसं कबूल केलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, “नोकराने सूड घेतला. जोडी विकली म्हणून राग होता. कारण मिळालं, अटक करा.” मी म्हणालो, “सूड घेणारा आवतण देत नाही, साहेब.” ते म्हणाले, “तुम्ही शिपायासारखा विचार करता.” मी फोन ठेवला. रागात जरा जोरात ठेवला.

दुसरी अडचण विम्याची होती. सर्वेअर मला स्पष्ट म्हणाला, “कोणी मुद्दाम नुकसान केलं असेल तर ते पॉलिसीत बसतं. सूड म्हणून नोकराने केलं असेल तरी बसेल. मालकाच्याच माणसाने अज्ञानाने केलं असेल, तर कंपनी दहा हरकती काढेल. आता मालकाचा जबाब काय येतो त्यावर आहे.”

म्हणजे भाऊंनी एवढंच म्हणायचं होतं की जोडी विकल्यापासून म्हातारा धुसफुसत होता. एका वाक्यात, पहिला वाटा सोडला तर, इंजिन उघडण्याचा, नव्या पंख्याचा सगळा खर्च सुटत होता. आणि म्हातारा तुरुंगात जात होता. जबाब काय द्यायचा हे मी भाऊंना सांगू शकत नव्हतो. म्हाताऱ्याने काय केलं ते दाखवता मात्र येत होतं.

विमान तोवर ओढून शेडात आणलं होतं. मी दोन पंच घेतले, सर्वेअरला आणि भाऊंना शेडात बोलावलं आणि म्हाताऱ्याला म्हटलं, “तू त्या दिवशी काय केलं, ते तसंच करून दाखव.” त्याने घरून वाटी आणली होती. आधी हात धुतले. डोक्याचा रुमाल नीट केला. पंखाखाली वाकून त्याने तूप-हळद चोळायला सुरुवात केली, हलक्या हाताने, जुपण्याने सोललेल्या खांद्याला चोळतात तशी. तोंडाने बैलाशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटत होता. मग नळीपाशी जाऊन टोपी काढली, बोटाने लावलं, दाबलं, टोपी घातली. शेवटी हात जोडले.

सर्वेअर खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसला. चष्मा स्वच्छ होता.

भाऊ पुढे झाले आणि म्हाताऱ्यावर ओरडले, “तुले मले मारायचं होतं काय बे?”

“तसं कसं, मालक. तुमी त्यात बसता म्हणून तं लावलं.”

भाऊ तिथेच पेट्रोलच्या पिंपावर बसले. मग मला म्हणाले, “घ्या लिहून. जोडी मी विकली, त्याला न विचारता विकली. विमानाबद्दल रोज कटकट मी केली. त्याने जे केलं ते माझ्या जिवाला जपून केलं. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.” आणि सर्वेअरकडे वळून, “तुम्हाला हरकती काढायच्या त्या काढा.”

मी पेन त्यांच्या हातात देताना विचारलं, “भाऊ, खर्चाचं काय?”

“घासाघीस करतो न कंपनीशी. तुम्ही चला माझ्याबरोबर, तुम्हाला जमते ते.”

कंपनीने अखेर तडजोड केली, अर्ध्याच्या आसपास. उरलेलं भाऊंनी भरलं. पुढच्या वर्षी हप्ता इतका चढला की त्यांनी विमान विकून टाकलं. मी तपास ‘क’ समरीने बंद केला, म्हणजे गुन्हा खरा नाही आणि खोटाही नाही, गैरसमजातून घडलेला प्रकार. प्रयोगशाळेचा अहवाल कित्येक महिन्यांनी आला: तूप आणि हळद. वरिष्ठांनी माझ्या गोपनीय अहवालात ‘कडक कारवाईत कमी पडतो’ असा शेरा मारला. त्या शेऱ्याने माझी बढती दोन वर्षं अडली. ‘क’ समरीला खात्यात बक्षीस नसतं. तो राग अजून गेलेला नाही, जाऊही नये.

पण त्या म्हाताऱ्याने मला जे शिकवलं ते प्रशिक्षण केंद्रात कोणी शिकवलं नव्हतं. कोणी केलं, कधी केलं, कशाने केलं, हे आम्ही विचारतो. ते सगळं त्याने पहिल्या पाच मिनिटांत खरं सांगितलं होतं आणि तेवढ्यावर तो जन्मभर आत गेला असता. काय समजून केलं, हे विचारल्याशिवाय तपास पुरा होत नाही. जबाबाच्या छापील नमुन्यात त्या प्रश्नाला जागा नाही. निवृत्त होईपर्यंत मी तो प्रत्येक जबाबाच्या समासात पेनाने लिहीत होतो.